सातवा रुमाल

आबासाहेब पाटलांच्या दारासमोर लिंबाखाली गाडी थांबली, तसे रावजी मास्तर खाली उतरले, टोपी काढून झटकली, पुन्हा डोक्यावर बसवली आणि गाडीतलं तांबडं गाठोडं उचलायला हात घातला. हात गाठोड्यापर्यंत गेला आणि तिथूनच मागे आला.

“गेणू, हे राहू दे इथंच. मी आधी बोलून येतो.”

“आन् मग?”

“मग हाक मारतो. तोवर गाडी सोडून हलू नकोस.”

गेणूने मान हलवली आणि बैल सोडायला घेतले. तो कन्हेरी गावचा माळी. एरवी याच गाडीतून त्याची वांगी नि मिरच्या बारामतीच्या बाजाराला जायच्या. आज झुंजुमुंजू व्हायच्या आत मास्तरांनी त्याला उठवलं होतं आणि वाटभर एक शब्द काढला नव्हता. ओठ मात्र सारखे हलत होते. गेणूला वाटलं, मास्तरांचा जप चाललाय.

जप कसला आलाय. ‘आबासाहेब, तुम्ही विश्वासानं एक रुमाल दिलात. त्यातले चार कागद माझ्या घरात नासले. दोष माझा आहे.’ एवढंच मास्तर घोकत होते, आणि दर खेपेला ‘चार कागद’पाशी येऊन त्यांची गाडी अडत होती.

मास्तर कन्हेरीच्या शाळेवर. पण शाळेपेक्षा त्यांचं नाव कागदांपायी झालेलं. रविवार आला की निघालेच, आज कोऱ्हाळ्याला, उद्या इंदापुराकडं. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कणगीत, कुणाच्या देव्हाऱ्यामागे जुन्या मोडी कागदांची बोचकी पडलेली असत. रुमालात बांधलेली, म्हणून त्या बोचक्यांनाच रुमाल म्हणायचं. मास्तर ती सोडायचे, वाचायचे, नकला करायचे. बारामती आणि इंदापूर परगण्यांचा इतिहास लिहायचा, हा एकच ध्यास. लोक हसायचे. “ऱ्हायलेल्या जमिनीचं बघा, गेलेल्या राजांचं काय घेऊन बसलाय,” म्हणायचे. मास्तर ऐकून घ्यायचे. एकदा पुण्याच्या जाणत्या मंडळींपुढे त्यांनी निबंध वाचला, तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं होतं, “अस्सल कुठं आहे?” नक्कल कुणालाही करता येते, अस्सल दाखवा. ते बोलणं मास्तरांच्या काळजात रुतून बसलं होतं.

आबासाहेबांच्या घरात अस्सल होतं. सात रुमाल. माघात मास्तरांनी ते पहिल्यांदा पाहिले आणि त्यांना त्या रात्री झोप आली नाही. आबासाहेब खमके. त्यांनी देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक पुढे ठेवला, बेलाचं पान नि चिमूटभर भंडारा मास्तरांच्या तळव्यावर घातला आणि शपथ घेववली. एक रुमाल न्या, आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत कागद न् कागद परत आणा, मग बाकीचे सहा. मास्तरांनी बेलभंडार उचलला. मनात शंकासुद्धा आली नाही.

त्या रुमालात दुष्काळानं उठून गेलेल्या गावांची हकीकत निघाली. त्या वेळच्या पाटलानं परागंदा रयतेला कौल पाठवून परत बोलावलं होतं. माळी, धनगर, मांग, कुंभार, एकेकाचं नाव घालून लिहिलं होतं, या, नांगर धरा, सारा माफ. एवढ्या साऱ्या गरिबांची नावं एका जागी मास्तरांनी कधी पाहिली नव्हती. एकेक नाव ते पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचायचे. पुढचं काय झालं, कोण परत आलं, कोण नाही, ते बाकीच्या सहा रुमालांत असणार.

आणि मग तो घोळ झाला. रुमालातले चार कागद मास्तरांना किरकोळ वाटले. तेलाचा हिशेब, कुणाच्या लग्नातल्या पंगतीची यादी, असलं काहीबाही. “ही रद्दी जरा बाजूला ठेवतो,” असं बायकोच्या देखत म्हणून त्यांनी ते भिंतीशी ठेवले आणि शाळेला गेले. छबूबाईनं रद्दी हा शब्द नेमका ऐकला. लेक सारजा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळाची अंगडी-टोपडी ठेवायला टोपली लिंपायची होती. तिनं कागद भिजवले, मेथ्या घातल्या, उखळात कुटून लगदा केला आणि बांबूच्या टोपलीला आतबाहेर छान गुळगुळीत लिंपून टाकला. सगळ्या बायका करतात तेच केलं. मास्तर घरी आले तेव्हा टोपली उन्हात वाळत होती.

त्या दिवसापासून मास्तरांनी बायकोशी अबोला धरला. राग खरं तर स्वतःचा होता. तो कुठं काढायचा कळेना, म्हणून तिच्यावर. ती बिचारी रडून रडून थकली आणि सारजाच्या उशाशी भंडाऱ्याची पुडी ठेवू लागली. कारण हे दोघांनाही ठाऊक होतं, मास्तरांच्या आईपासून ऐकलेलं. खंडोबाची आण मोडली तर मोडणाऱ्याला काही होत नाही, घरातला जो सगळ्यात नाजूक जीव असेल त्याला ती लागते. मास्तर शिकलेले होते. पण सारजाचे दिवस भरले होते, आणि शिकलेपण तेवढ्यापुरतं पुरत नव्हतं.

“या मास्तर, या. वाटच बघत व्हतो,” आबासाहेब ओसरीवरून म्हणाले. घोंगडीवर सरकून त्यांनी जागा केली. “अवं ऐकलं का, मास्तर आल्यात. पानी आना.”

द्वारकाबाई पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवून आत वळल्या. पाटलीण असूनही हाताला कामाचे घट्टे. मागच्या खेपेला त्यांनीच रुमाल बांधून दिला होता, आत लिंबाचा पाला घालून.

“आखितीच्या आत येनार म्हंजी येनार, असं मी हिला म्हनत व्हतो,” आबासाहेब म्हणाले. “तुमच्यावानी शब्दाला जागनारा मानूस दोन तालुक्यांत न्हाय.”

मास्तरांनी गुळाचा खडा तसाच ठेवला. ते नुसतं घोटभर पाणी प्याले.

“आबासाहेब, मला आधी एक सांगायचंय.”

“सांगा की. पर आदी माझं ऐका. म्या तुमचा वनवास संपवलाय.”

“म्हणजे?”

“बाकीचे सहा रुमाल न्हाईत आता. नीरंच्या डोहात सोडले.”

 ओसरीपुढे कोंबड्या दाणे टिपत होत्या. पलीकडच्या घरातून जात्याचा आवाज येत होता. आबासाहेब सहज बोलत होते, शेतातलं एखादं झाड काढून टाकल्यासारखं.

“वंगाळ केलं न्हाय काई. हळदकुकू वाहिलं, नारळ फोडला, मग सोडले. नदीत पानी कुठाय म्हना, कालव्यानं सगळं पळवलं. डोहात काय उरलंय त्येवढंच. पर बुडाले.”

“पण का?” मास्तरांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

“तुमच्यापायी.”

“माझ्यापायी?”

“आता तुमीच बघा. एक मानूस कन्हेरीवरनं उन्हातान्हाचा येतो. पैसा मागत न्हाय, जमीन मागत न्हाय. कागद बघतो आन् त्येच्या डोळ्यांत पानी येतं. वर खंडोबाचा बेलभंडार उचलतो. ही गोष्ट गावात ऱ्हाती व्हय? आमचा चुलतभाऊ महिपती, त्येच्या कानावर गेली. वाटनीचा दावा हायच त्येचा इंदापुरात. त्यो वकिलाला म्हनला, आबाच्या दप्तरात कायतरी मोठं घबाड हाय, न्हायतर मास्तरानं शपथ कशापायी घ्यावी? वकील म्हनला, कोर्टाकडनं मागवू.” आबासाहेबांनी पानाचा डबा पुढे ओढला. “मला त्यातलं वाचता येतं व्हय? सात पिढ्या नुसती गाठ बांधून ठेवलेली. कुनाच्या नावानं काय लिवलंय, देव जानं.”

“त्यात वाटणीचं काही नव्हतं, आबासाहेब. मी एक रुमाल वाचलाय. सगळा जुना व्यवहार. दुष्काळ, सारामाफी. मला विचारायचंत तरी.”

“तुमी म्हनताय, न्हाय. वकील म्हनंल, हाय. मग कुनाचं खरं?” आबासाहेब हसले. “बरं, काईच नव्हतं, तर शपथ कशापायी घेतली तुमी?”

 शपथ मास्तरांनी मागितली नव्हती, आबासाहेबांनीच घेववली होती. पण आता ते सांगून काय उपयोग. सहा रुमाल चिखलात गेले होते, आणि ते का गेले तर एका माणसानं त्यांच्यावर जीव टाकला म्हणून. हे असं होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना तिथंच ओसरीवर ओरडून रडावंसं वाटलं.

“ही मातुर लई रडली,” आबासाहेबांनी दाराकडे हनुवटी केली. दाराआड बांगड्यांचा आवाज झाला. “दरसाल उनं दावायची त्यास्नी, पाला बदलायची. लेक नांदाया धाडल्यागत रडली. म्या म्हनलं, कागदं हाईत का नातवंडं?” मग त्यांनी मांडीवर हात आपटला. “बरं, आना आता त्यो सातवा. सांच्याला त्योबी सोडतो. म्हंजी घरात कागदाचा चिटोरा ऱ्हानार न्हाय. मग येऊ द्या कोर्टाला.”

दारासमोर लिंबाखाली गाडी दिसत होती. गेणू चाकाला टेकून तंबाखू मळत होता. त्याच्या डोक्यामागं, गाडीच्या तोंडाशीच, तांबड्या रुमालाचं टोक उन्हात दिसत होतं. आबासाहेबांनी मान जराशी वळवली असती तर त्यांनाही दिसलं असतं.

“आबासाहेब,” मास्तर म्हणाले. “तुम्ही विश्वासानं एक रुमाल दिलात. तो माझ्या घरात नासला. दोष माझा आहे.”

पहाटेपासून घोकलेलंच. फक्त ‘चार कागद’ तेवढे गळले होते.

आबासाहेबांचा हात पानावरच थांबला. “नासला म्हंजी?”

“मी भिंतीशी ठेवून शाळेला गेलो. मंडळींना वाटलं रद्दी आहे. त्यांनी कागद भिजवले, मेथ्या घालून कुटले आणि टोपल्या लिंपल्या.”

“किती कागद गेले?”

“सगळे.”

आबासाहेबांनी पान डब्यात परत ठेवलं.  गेणूनं उठून एवढंच विचारलं असतं, मास्तर, हे गठुळं आत आनू का, तर संपलंच होतं. तो कधीही उठेल असं वाटत होतं. त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून मास्तर कोंबड्यांकडे बघत राहिले. आतली बांगड्यांची किणकिण कधी थांबली, त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“खरं सांगताय?”

“खरं.”

“मग तसं द्येवापुढं म्हना. माझा तुमच्यावर इस्वास हाय, मास्तर, पर महिपतीनं उद्या इचारलं तर मला सांगाया पायजे.”

आबासाहेब उठले. मास्तर त्यांच्यामागून देवघरात गेले. अंधार होता, समईचा वास होता. टाकावरचे खंडोबाचे डोळे तेवढे चकाकत होते. आबासाहेबांनी बेलाचं पान आणि भंडारा त्यांच्या हातावर ठेवला.

मास्तरांच्या मनात एक पळवाट आली, नाही असं नाही. रुमाल या घडीला घरात नाही, गाडीत आहे. तेव्हा ‘माझ्या घरात एकही कागद उरलेला नाही’ असं म्हटलं तर वाक्य खोटं पडणार नव्हतं. वकील लोक असंच करतात. पण खंडोबा म्हणजे काही कोर्टातला मुनसफ नव्हे. आणि मास्तरांना त्याही स्थितीत स्वतःची किळस आली. खोटं बोलायचं तर सरळ बोलावं.

“त्या रुमालातले सगळे कागद नष्ट झाले,” ते म्हणाले. “खंडोबाची आण.”

आणि त्यांना सारजा दिसली. भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली, पोटावर हात. त्यांनी कपाळाला भंडारा लावला. 

आबासाहेबांनी सुस्कारा सोडला. ओसरीवर परत येईतो त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

“सुटलो म्हना की. आमी नारळ फोडला, तुमच्या मंडळींनी मेथ्या घातल्या. शेवट येकच.” ते मोठ्यानं हसले, मग एकदम थांबले. “येक ध्यानात ठिवा, मास्तर. तुमचं बुक निगंल तवा निगंल. आमच्या कागदातलं येक नाव, येक वळ जरी त्यात आली, तर मी काय समजायचं ते समजंन. आन् खंडोबाबी समजंल.”

“नाही येणार,” मास्तर म्हणाले.

त्या कौलातली नावं त्यांना तोंडपाठ होती. ती आता कुणापुढं उच्चारता येणार नाहीत, हे त्यांना तिथं ओसरीवर उभ्या उभ्या कळलं. पुण्याच्या त्या गृहस्थांना दाखवायला अस्सल होतं, आणि दाखवायची सोय नव्हती.

“चला, गाडीपतूर येतो.”

“नको, आबासाहेब. उन्हाचं कशाला.”

“आसं कसं? पावन्याला वाटंला लावल्याबिगर ऱ्हातो व्हय?” आबासाहेबांनी पायताणं घातली आणि निघालेसुद्धा.

 ओसरीपासून लिंब तो काय लांब. मास्तरांना वाटलं, वाटेत घेरी आल्याचं सोंग करावं. वाटलं, आताच पाय धरावेत. आबासाहेब पुढं, ते मागं, आणि बघतात तर गाडीत गच्च कडबा भरलेला. तांबडा रंग कुठं दिसत नव्हता. गेणू बैल जुंपत होता. द्वारकाबाई तिथं नव्हत्या. गोठ्याच्या दारात त्यांची पाठमोरी आकृती दिसली, तेवढीच.

“ह्यो कडबा?” आबासाहेबांनी विचारलं.

“बाईसायबांनी दिला,” गेणू म्हणाला. “बैलांचं पोट खपाटीला गेलंय म्हनल्या.”

“हिचा हात कायम सैल,” आबासाहेब कौतुकानं म्हणाले. “बसा मास्तर. मंडळींस्नी सांगा, आमी राग धरला न्हाय.”

गाडी शिवाराबाहेर पडेपर्यंत मास्तरांनी मागं वळून पाहिलं नाही. मग त्यांनी कडब्यात हात घातला. रुमाल तळाशी होता. गाठीत लिंबाचा ताजा पाला खोवलेला होता.

“बाई आल्या, आन् काई न बोलता कडब्याच्या पेंढ्या टाकाया लागल्या,” गेणू म्हणाला. “माझ्याकडं बगतबी नव्हत्या. मी म्हनलं, गठुळं मास्तरांस्नी आत द्यायचंय. तर म्हनल्या, तू गप ऱ्हा.” थोडं अंतर गेल्यावर त्याला राहवेना. “द्यायला आनलं आन् तसंच माघारी न्हेतुया. भांडान झालं का, मास्तर?”

“नाही.”

 ऊन कलत होतं. मास्तर कडब्यावर बसून होते. सकाळी त्यांच्या माथ्यावर चार कागदांचा भार होता. आता त्या चार कागदांची त्यांना आठवणसुद्धा होत नव्हती. कन्हेरी गावची झाडं दिसू लागली, तसे ते म्हणाले, “गेणू, जरा हळू चालव.”

दिवेलागणीला गाडी दारात आली. दारात छबूबाई उभी होती. ती धावत गाडीपाशी आली.

“मिटलं का? काय म्हनले पाटील?”

कितीतरी दिवसांनी मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“मिटलं. त्यांनी राग धरला नाही.”

“आन् शपथ? शपथंतनं सुटलो का आपन?”

“सुटलो,” मास्तर म्हणाले.

छबूबाईनं पदराचा बोळा तोंडाला लावला आणि हुंदका दाबला. “मग आता भ्या न्हाय. दुपारपास्नं कळा सुरू हाईत सारजाला. भागूबाई सुईन आलीय. आडलंय म्हनती, पर आता सुटंल. आता नक्की सुटंल.” आणि ती आत पळाली. मास्तरांच्या कपाळावरचा भंडारा तिला दिसला असावा, कारण जाता जाता तिनं दारातूनच खंडोबाला हात जोडले.

आतून सारजाचं कण्हणं ऐकू आलं. मास्तर गाडीला धरून उभे राहिले. गेणूनं कडबा बाजूला सारून रुमाल बाहेर काढला.

“आत ठिवू का?”

“आत नको.”

“मग?”

एक शेत ओलांडलं की कालवा होता. नीरेचंच पाणी, काठोकाठ. नेऊन सोडला की झालं. मग सगळे कागद नष्ट झाले हे खरं ठरलं असतं. फक्त सकाळचं संध्याकाळी खरं झालं असतं, आणि देवाला तेवढं चालत असेल. मास्तरांनी रुमाल हातात घेतला आणि दोन पावलं टाकली. आत सारजा ओरडली. “आई गं” म्हणाली, की बापाला “आबा” अशी हाक मारली, ते नीट कळलं नाही. मास्तर थांबले. कालव्याच्या बाजूनं गार वारा येत होता.

 गेणू बैलांच्या वशिंडावर हात फिरवत उभा होता. मास्तर मागं फिरले. त्यांनी रुमालाची गाठ आवळली आणि तो गेणूच्या हातात दिला.

“तुझ्या मळ्यातल्या खोपीत ठेव. उंचावर ठेव,” ते म्हणाले. “ओल लागू देऊ नकोस.”

मग ते घराच्या पायरीवर बसले आणि आतल्या आवाजाकडे कान लावून राहिले.